प्रवाळ बेटाच्या उतारावर विमानाचे अवशेष शोधणे इतके अवघड का?

भूगोलशिक्षिका, खानापूर
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत शिकवते. अमेरिकी महिला वैमानिक अमेलिया इअरहार्ट आणि त्यांचे दिशादर्शक फ्रेड नूनन २ जुलै १९३७ रोजी न्यू गिनीतील लाए येथून हाऊलंड बेटाकडे निघाले व प्रशांत महासागरावर बेपत्ता झाले, त्यांचे विमान निकुमारोरो या प्रवाळ बेटावर उतरले असावे असा एक तर्क आहे, हे वर्गात सांगितल्यावर सातवीतील एका मुलीने विचारले, "आपल्या हवाई दलाचे एएन-३२ विमान बंगालच्या उपसागरात इतक्या खोल सापडले, मग एवढ्याशा निकुमारोरो बेटाच्या कडेला शोधूनही काहीच कसे मिळत नाही?" सांबऱ्याला हवाई दलाचे केंद्र असल्याने आमच्या मुलांना या विषयाची ओढ आहे. तिला नीट उत्तर द्यावे, अशी माझी इच्छा आहे.

निवृत्त भूमापक, निपाणी
बाई, मुलीचा प्रश्न अगदी नेमका आहे. २२ जुलै २०१६ रोजी २९ जणांसह बेपत्ता झालेल्या एएन-३२चे अवशेष जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोलीवर ओळखले गेले. तिथे राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित यानाने सोनारने (ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राने) तळ धुंडाळला आणि छायाचित्रेही घेतली. सपाट तळावर धातूचा तुकडा ध्वनी जोरात परतवतो व त्याच्या मागे सावली पडते, त्यामुळे तो उठून दिसतो.

प्रवाळ बेट म्हणजे समुद्रातील विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर चढलेला प्रवाळाचा थर. त्याच्या कडा एकदम खोल उतरतात. त्या उतारावरचा प्रत्येक धोंडा आणि प्रत्येक कपार तसाच ध्वनी परतवते, तशीच सावली टाकते. चोर्ला घाटाच्या कड्यावरून एखादा पत्रा खाली गेला, तर तो वाटेतल्या कपारीत अडकला की दरडीखाली गाडला गेला, हे वरून कळत नाही, इथेही तसेच. म्हणून सोनारवर न विसंबता कॅमेरे लावलेली दूरनियंत्रित यानेच उतारावरून हळूहळू फिरवावी लागतात. १९८५ मध्ये टायटॅनिक शोधणारे रॉबर्ट बॅलर्ड यांनी २०१९ मध्ये 'नॉटिलस' जहाजावरून हेच केले, पण विमानाचा एकही तुकडा मिळाला नाही.

आणखी एक अडचण आहे. त्याच बेटाच्या खडकावर १९२९ मध्ये 'नॉर्विच सिटी' हे मालवाहू जहाज आदळले होते आणि त्याचे लोखंड उतारावर विखुरले आहे. विमानाचे अंग ॲल्युमिनियमचे असल्याने चुंबकीय उपकरणाला ते कळत नाही. कळते ते जहाजाचे लोखंडच.

वाचक, बेळगाव
मुलांना हेही सांगावे, की विमान निकुमारोरोला उतरले हा एक तर्क आहे. ते बेट हाऊलंडपासून सुमारे ६५० किलोमीटर दूर आहे. हाऊलंडजवळच्या 'इटास्का' जहाजाला विमानाचे संदेश जोरकस ऐकू आल्याने, ते तिथेच बुडाले असे मानणारेही पुष्कळ आहेत. २०२४ च्या सुरुवातीला त्या भागातील सोनारचित्रात विमानासारखा आकार दिसला होता. वर्षअखेरीस जवळून पाहिल्यावर तो खडक निघाला.

भूगोलशिक्षिका, खानापूर
मनापासून आभार. फरशीवर एक नाणे, खडीच्या ढिगावर दुसरे ठेवून अंधारात बॅटरीने दाखवले तर चालेल का?

निवृत्त भूमापक, निपाणी
जरूर चालेल. मात्र बॅटरी वरून न धरता बाजूने, जमिनीलगत धरावी आणि मुलांना नाण्यापेक्षा सावल्यांकडे पाहायला सांगावे.