‘रिपोर्टर ३०० शब्दांत सांगतो तेच पीएचडीवाला ३०० पानांत’ : हे मला अजिबात पटत नाही

वऱ्हाडी_मास्तर
काल इथं एकानं लिहिलं की संशोधन-लेखन म्हणजे सोपी गोष्ट अवघड करून सांगायचा धंदा, रिपोर्टर ३०० शब्दांत सांगतो त्यालाच हे ३०० पानं घेतात. खाली सगळे वा वा करून राहिले म्हणून सविस्तर लिहितो. अहो, ती पानं ‘काय झालं’ हे सांगायला नसतातच, ‘कशावरून म्हणतो’ हे सांगायला असतात. नमुना कसा निवडला, आधी कोण काय म्हणून गेलं, माझं कुठं चुकू शकते. उद्या दुसऱ्या कोणाला माझ्यावर भरवसा न ठेवता तेच काम पुन्हा करून पाहता आलं पाहिजे. बातमीत मुख्य ते पहिल्या दोन ओळीत, कारण जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो. प्रबंध खालून कापला तर निष्कर्ष जातो आणि मधून कापला तर पुरावा. मग दोघांना एकाच मापानं काहून मोजता?

डेस्कवरचा_माणूस
मास्तर, ती पोस्ट माझीच, आणि मी मागे घेत नाही. २०१७ आठवा. गुलाबी बोंडअळी बीजी-२ ला, म्हणजे अळीला तोंड देण्यासाठीच बनवलेल्या बीटी कपाशीला, जुमानत नाही हे गुजरातेत आधीच दिसलं होतं, शास्त्रज्ञांनी नोंदवलंही होतं, कापूस संशोधन संस्था तर आपल्याच नागपुरात, वर्धा रोडवर. विदर्भातल्या शेतकऱ्याला कधी कळलं? बोंडं फोडून पाहिली तेव्हा! त्याच वर्षी यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली, ते राज्याला बातम्यांतून कळलं, संशोधनाच्या जर्नलमधून नाही. कोणी वाचतच नसेल तर पुरावा काय चाटायचा?

कपाशीचं_वावर
दादा, त्या साली आमची अर्धी कपाशी कवडी झाली म्हणून बोलतो. बातमी आली होती ना, चार ओळींची, ‘कामगंध सापळे लावण्याचे आवाहन’, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे सापळे. बाबांनी लावले. मग पुढं? सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग सापडले की फवारायचं, हा आकडाच त्यात नव्हता. कामाचा होता तोच कापला तुमच्या लोकांनी. आणि मास्तर, तुम्हीही खुश नका होऊ, तो आकडा इंग्रजीत छापून आमच्या बाबांना काय उपयोग?

शोधार्थी_धंतोली
मास्तर तपासणीचं सांगून राहिले तर जर्नलांचंही सांगा ना. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१६ च्या नियमात प्रबंध जमा करण्याआधी जर्नलमध्ये एक पेपर (शोधनिबंध) छापणं सक्तीचं होतं, त्यातून पैसे घेऊन छापणाऱ्यांची दुकानं किती फोफावली ते सगळ्यांना ठाऊक आहे. युजीसीनं २०१९ ला मान्य जर्नलांची केअर यादी आणली, २०२२ ला पेपरची सक्ती काढली, २०२५ ला यादीच बंद केली. माझ्या पेपरवर गाईडनं स्वतःचं नाव पहिलं टाकलं, एक ओळ न वाचता, आणि फी मी भरली, फेलोशिप थकलेली असताना घरून पैसे मागून. कुठली तपासणी अन् कुठलं काय.

वऱ्हाडी_मास्तर
ताई, तुमच्यावर अन्याय झाला, त्याबद्दल वादच नाही. पण सगळ्याच गाईडांना त्यात गोवू नका, मी रात्री जागून पोरांचे मसुदे लाल केलेत.

शोधार्थी_धंतोली
सगळ्यांना कोण म्हणालं? तुम्ही केलं ते चांगलं. पण गाईडच्या विरोधात तक्रार केली तर व्हायवा (तोंडी परीक्षा) कोण होऊ देईल, हे तुम्हालाही माहीत आहे सर. त्यावर बोला.

बर्डीचा_वाचक
बरोबर बोलल्या ताई! आमच्या भावजयीचंही असंच, वर टायपिंगचे आणि बायंडिंगचे पैसे वेगळे.

डेस्कवरचा_माणूस
आता आलं ना बाहेर? लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलनं १९९८ ला लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा पेपर छापला, मागे घेतला २०१० ला. लबाडी खणून काढली ब्रायन डियर या पत्रकारानं. कुठं होते तुमचे तपासणारे?

वऱ्हाडी_मास्तर
लबाडी पत्रकारानं काढली, तेवढं तुमचं, घ्या. पण लसीचा तसा संबंध नाही हे मोठमोठ्या अभ्यासांनी त्याच्या कितीतरी आधी दाखवलं होतं. आणि तो पेपर घराघरात पोचवला कोणी? पेपरात बारा मुलं होती, फक्त बारा. हेडलाईनला बारा दिसले नाहीत, भीती दिसली. मी ओरडून राहिलो ते यासाठीच.

डेस्कवरचा_माणूस
आवाज खाली ठेवा. रात्री साडेदहाला पान सोडायचं असते, हातात पीआरओची प्रेसनोट असते, तुमचा शास्त्रज्ञ फोन उचलत नाही, उचलला तर ‘वरून परवानगी लागेल’ म्हणते. मी बारा लिहू कुठून?

कपाशीचं_वावर
तुम्ही दोघं भांडत राहा, पण मास्तर, आकडा मराठीत देणाऱ्या माणसाचा फोन लागला पाहिजे. आणि दादा, तो आकडा कापायचा नाही.

डेस्कवरचा_माणूस
आकडा राहील, माझ्या पानावर तरी. बाकी ३०० पानांचं माझं मत तेच आहे.

शोधार्थी_धंतोली
आणि माझ्या फीचं? त्यावर कोणीच काही बोललं नाही.