मदत हवी आहे: किट बदलली तरी बूमचा सिलेंडर गळतोय

नमस्कार मंडळी. इंदूरला सांवेर रोडवर आमचा बॅकहो लोडर (पुढे बकेट, मागे खोदायचा हात असलेलं मशीन) चालतो, जुनाच आहे. बूमच्या, म्हणजे त्या हाताच्या मशीनकडच्या मुख्य भागाच्या, हायड्रॉलिक सिलेंडरला ग्लँडपाशी (रॉड जिथून बाहेर येतो ते तोंड) तेल गळत होतं, म्हणून गेल्या महिन्यात पूर्ण सील किट (तेल अडवणाऱ्या रिंगांचा संच) बदलली. पंधरा दिवस बरे गेले. आता रॉड परत ओला दिसतो, आणि वर धुळीचा असा काळा थर बसतो की हात लावायची इच्छा होत नाही.

काल रॉड पूर्ण बाहेर काढून पुसला आणि नख फिरवलं. मधोमध एक उभी चीर नखाला अडकते, तिथलं क्रोमही उडालंय. नवं सील तीच कापत असणार, असा माझा संशय. बूम उचलून इंजिन बंद केलं तर जागेवर राहतो, म्हणजे आतलं पिस्टनचं सील ठीक असावं.

मिस्त्री म्हणतो, एमरी पेपर मारून परत किट टाकू. मला काही पटत नाही. 60 मिमीचा रॉड आहे; हार्ड क्रोम (क्रोमचा नवा कडक थर) आणि ग्राइंडिंग करून घ्यावं की नवाच टाकावा? पीथमपूर किंवा देवासकडे कुणी करून घेतलंय का? खर्च किती आला? आणि डायल गेज (बारीक वाकडेपणा मोजायचं काट्याचं उपकरण) नसताना रॉड वाकलाय का ते कसं बघायचं?