एक्सोझोम संकुल अखंड का मिळत नाही?

प्रश्न
मानवी एचईके-२९३ पेशींतून आरएनए एक्सोझोम हे आरएनए तोडणारे प्रथिन-संकुल मूळ घडणीत वेगळे काढण्याचा माझा प्रयत्न आहे. नऊ घटकांच्या गाभ्यापैकी एक्सॉस्क-३ या घटकाला फ्लॅग टॅग (प्रतिपिंडाने पकडता येणारी छोटी खूण) जोडून ते प्लाझ्मिडवरून (पेशीत घातलेल्या डीएनएच्या कड्यावरून), सीएमव्ही या जोरदार प्रमोटरच्या (जनुक चालू करणाऱ्या भागाच्या) जोरावर, पेशींत बनवून घेतले. ५०० मिलिमोलर मीठ आणि १ टक्का ट्रायटन हे डिटर्जंट असलेल्या बफरमध्ये पेशी फोडल्या, लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) प्रतिपिंड लावलेल्या बीड्सवर (बारीक मण्यांवर) रात्रभर फिरवले आणि आम्लधर्मी ग्लायसीनने प्रथिन सोडवून घेतले. जेलवर टॅगवाल्या प्रथिनाचा ठसठशीत पट्टा येतो, ७० किलोडाल्टनजवळ आणखी एक, बाकी घटक मात्र जेमतेम दिसतात. बीड्स बदलून पाहावेत का?

प्रतिसाद १
बीड्सचा यात दोष दिसत नाही. सीएमव्हीमुळे एक्सॉस्क-३ इतके बनते की त्याला जोडीदार पुरत नाहीत, आणि हे एकटे पडलेले रेणूच बीड्सवरची जागा अडवतात. ७०चा पट्टा बहुधा एचएसपी-७०चा, म्हणजे एकट्या पडलेल्या प्रथिनांना चिकटणाऱ्या मदतनीस प्रथिनाचा, असावा. टॅग नसलेल्या पेशींवर हाच प्रयोग करून तो तिथेही येतो का ते पाहावे. क्रिस्परने (जनुकात हवा तिथे बदल करण्याच्या तंत्राने) टॅग मूळ जनुकालाच जोडणे हा खरा उपाय. यीस्टमध्ये हे काम फारच सोपे असते. १९९७ मध्ये यीस्टचा एक्सोझोम शुद्ध झाला तो त्याच्या आरआरपी-४ या घटकाला प्रोटीन-ए हा टॅग जोडून आणि टीईव्ही प्रोटिएझ या कापणाऱ्या विकराने सोडवूनच. १९९९ मध्ये हायडेलबर्गहून आलेल्या टॅप टॅगमध्ये त्याच जोडीला कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटणारा पेप्टाइड मिळाला आणि शुद्धीकरण दोन टप्प्यांचे झाले.

प्रतिसाद २
वरील निदान पटते, परंतु बफरही निर्दोष नाही. गाभा घट्ट असला तरी मानवी डिस-३ हे आरएनए कापणारे प्रथिन त्याला सैलसर जोडलेले असते, त्यामुळे इतक्या मिठात ते सुटून जाणे स्वाभाविक आहे. आम्लाने तर संकुलाची घडणच मोडते. त्याऐवजी ३एक्स-फ्लॅग पेप्टाइड (टॅगसारखाच छोटा तुकडा, जो प्रतिपिंडावरची जागा घेऊन संकुल सोडवतो), मिलिलिटरला सुमारे १५० मायक्रोग्रॅम, चार अंश सेल्सिअसवर अर्धा तास द्यावा. बीड्सवरही अर्धा-एक तास पुरे. रात्रभर ठेवले की सैल घटक गळतात आणि नको ती प्रथिने चिकटतात. आम्ही पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून दळतो. पिठीसाखरेसारखी ती भुकटी १०० मिलिग्रॅमच्या वाट्यांत विभागली की एकाच दिवशी मिठाची आणि डिटर्जंटची सहा-सात मिश्रणे तपासता येतात.

प्रश्नकर्ता
टॅग नसलेल्या पेशींत ७०चा पट्टा येत नाही, म्हणजे तो बीड्सचा नव्हे. क्रिस्परला काही महिने जातील. तोवर हाती असलेल्या पेशींवर काही पडताळता येईल का?

प्रतिसाद १
येईल. पेप्टाइडने सोडवलेले प्रथिन १० ते ३० टक्के ग्लिसरॉलच्या ग्रेडियंटवर (खाली दाट होत जाणाऱ्या द्रावणावर) सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावे आणि प्रत्येक थर जेलवर पाहावा. सुमारे पावणेतीनशे किलोडाल्टनचा गाभा खाली उतरतो, तर एकटे एक्सॉस्क-३ वरच राहते. खालच्या थरांत नऊही घटक दिसले, तर थोडेसे अखंड संकुल आजही आपल्या हाती आहे.