मदत हवी आहे: समुद्राकाठी आरव्हीत मुक्काम, गादीखाली बुरशी आणि स्क्रूंना गंज

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं बारा महिने आरव्हीतच (घरासारखी सोय असलेल्या गाडीत) राहतो. गेले चार महिने गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी आहे आणि अजून निदान सहा महिने तरी हलायची नाही.

काल गादी उचलली तर खालचं प्लायवूड ओलं, कोपऱ्यात काळ्या बुरशीचे ठिपके. रात्री आमच्याच श्वासाची वाफ थंड फळीवर जमते, एवढं कळलं. डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावून आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास ठेवतो, पण गादीखाली हवाच जात नाही. तिथे लाकडी पट्ट्या ठोकाव्यात की जाळीची चटई घालावी? कोणी वापरून पाहिलंय?

दुसरं दुखणं गंजाचं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात साधे स्टीलचे स्क्रू आहेत, प्रत्येकाभोवती पांढरी भुकटी धरलीय. 316 स्टेनलेसचे (खाऱ्या हवेत कमी गंजणाऱ्या स्टीलचे) टाकीन म्हणतोय, पण दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात भिडले की आधी ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. मग नायलॉनचे वॉशर पुरतील की सीलंटही हवा? आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुतो, खालून चासीसुद्धा (गाडीचा सांगाडा).

आणि किनाऱ्यावर वर्ष काढलेल्यांनो, छतावरची सोलरची कनेक्शनं कशी जपता?