प्रवासासाठी पोर्टेबल हार्ड डिस्क निवडताना

आपण प्रवासातील छायाचित्रे साठवण्यासाठी हलकी, खिशात मावणारी १ टीबीची डिस्क विचारली आहे आणि वर एकाने ३.५ इंची डिस्क सुचवली आहे. जागेच्या हिशेबाने ती स्वस्त पडते हे खरे. परंतु तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, त्यामुळे प्रवासासाठी ती बाद समजावी. २.५ इंची डिस्क यूएसबीच्या केबलमधूनच वीज घेते. त्यातही १ किंवा २ टीबीचीच घ्यावी, कारण ४ टीबी आणि त्यापुढच्या डिस्क बहुधा जाड व जड असतात.

एक बाब सहसा कोणी पाहत नाही. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा पोर्ट आतल्या सर्किट बोर्डवरच बसवलेला असतो. तो मोडला, तर डिस्क काढून साध्या केसिंगमध्ये (डिस्क बसवायच्या यूएसबीच्या डबीत) लावण्याची सोय उरत नाही आणि माहिती परत मिळवणे खर्चिक होते. म्हणून सुटे केसिंग व लॅपटॉपची साटा डिस्क (अशा केसिंगमध्ये बसणाऱ्या प्रमाणित जोडणीची) वेगवेगळी घेणे मला अधिक पसंत आहे, मग ती दिसायला थोडी ओबडधोबड का असेना.

बॅग आपटण्याची शक्यता असेल, तर फिरती तबकडी नसलेली एसएसडी घ्यावी. मात्र ती वर्षानुवर्षे कपाटात बंद ठेवू नये, कारण विजेविना तिच्यातील माहिती हळूहळू क्षीण होऊ शकते. विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायची असल्यास एक्सफॅट स्वरूपात फॉरमॅट करावी. विंडोजवर १ टीबीऐवजी ९३१ जीबी दिसल्यास विक्रेत्याशी भांडू नये, तो केवळ मोजणीतील फरक आहे.