चाचणीच्या मॅक्रोमध्ये फंक्शन दोनदा का चालते?

प्रश्न (सोलापूर): यंत्रमागाचे फेरे मोजणाऱ्या आमच्या सी प्रोग्रामसाठी मी दोन मूल्ये समान आहेत का हे तपासणारा ‘समान_तपासा’ हा मॅक्रो (नाव लिहिले की त्या जागी ठरलेला कोड येतो, असा संक्षेप) लिहिला आहे, मात्र त्यात पुढचा_फेरा() हे दर वेळी आकडा एकाने वाढवणारे फंक्शन दिल्यास चाचणी फसताना ४१२ ऐवजी ४१३ छापले जाते. असे का व्हावे?

उत्तर: मॅक्रो मूल्य नव्हे, दिलेला मजकूरच जसाच्या तसा कोडमध्ये उतरवतो, त्यामुळे आपले फंक्शन तुलनेत एकदा आणि निकाल छापणाऱ्या प्रिंटएफमध्ये पुन्हा चालते. मूल्ये आधी स्थानिक चलांत (मॅक्रोच्या आतल्या तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये) घ्या आणि सगळे डू-व्हाइल(०) या एकदाच चालणाऱ्या लूपमध्ये गुंडाळा, नाहीतर कंसाविना लिहिलेल्या इफ-एल्समध्ये मॅक्रो मोडेल.

प्रश्नकर्ता: मग सरळ फंक्शनच का लिहू नये?

दुसरे उत्तर: जरूर लिहावे, पण __लाइन__ (ते जिथे लिहिले आहे त्या ओळीचा क्रमांक देणारे नाव) त्याच्या आत ठेवल्यास प्रत्येक अपयशाला तीच ओळ छापली जाईल (मी यात एक दुपार घालवली आहे). म्हणून फाइल व ओळ पुरवणारा छोटा मॅक्रो बाहेर ठेवावा. फंक्शनला दिलेली मूल्ये एकदाच काढली जातात.

प्रश्नकर्ता: तसे केले, आता ४१२ येते.