बी.एड. करताना वर्गातलं तंत्रज्ञान कसं शिकलात? अनुभव सांगा

रानजाई

परवा सातवीवर पाठ घेतला आणि रात्री एकदम आजोळच्या शाळेतला टीव्ही आठवला. दिंडोरी तालुक्यातलं गाव. टीव्ही लाकडी पेटीत कुलूपबंद, किल्ली गुरुजींच्या खिशात. बालचित्रवाणीचा (शाळांसाठीचे मराठी शैक्षणिक कार्यक्रम) कार्यक्रम असला की सगळे वर्ग एकाच खोलीत, सतरंजीवर. चित्रात मुंग्याच जास्त. पण गुरुजी मध्येच उठून टीव्हीसमोर उभे राहायचे, आवाज बंद करायचे आणि विचारायचे, "आता पुढे काय होईल, सांगा बरं?" आम्ही तावातावाने भांडायचो. मग बाजूला व्हायचे.

मी नाशिकला बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव, चालू आहे. माहिती-तंत्रज्ञानाच्या तासांना आम्ही स्लाइड करायला शिकलो, प्रोजेक्टर जोडायला शिकलो, पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर उघडायला, गुगल फॉर्मवर चाचणी घ्यायला शिकलो. सगळं लागतं. पण व्हिडिओ नेमका कुठे थांबवायचा हे टाचणाच्या (पाठाच्या लेखी आराखड्याच्या) कुठल्याही रकान्यात नाही.

परवाचा पाठ बीजांकुरणाचा. काचेच्या ग्लासात ओला टिशू, काच आणि टिशूच्या मध्ये भिजवलेली मटकी, समोर स्टँडवर मोबाईल टाइमलॅप्सला (थोड्या थोड्या वेळाने फोटो घेऊन भराभर दाखवणारा व्हिडिओ) लावलेला, चार्जर जोडलेला. टेबललॅम्प रात्रभर चालू ठेवायचा, नाहीतर उजेड बदलतो आणि चित्र लुकलुकतं. शनिवारी संध्याकाळी लावलं ते सोमवारी सकाळपर्यंत. मधेच ग्लास आडवा केला.

वर्गात आधी विचारलं, पहिलं काय बाहेर येईल, मूळ की पान? अर्धा वर्ग पानाच्या बाजूने. दाखवलं, मूळ आलं. थांबवलं. "आता मी ग्लास आडवा केला. मूळ कुठे जाईल?" मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी हजेरीलाच काय तो बोलतो, फळ्यापाशी आला आणि मूळ सरळ आडवं जाताना काढलं. एका मुलीने शेजारी खाली वळलेलं काढलं. मग पुढचा भाग लावला. मूळ खाली वळायला लागलं आणि जो गलका झाला! तो व्हिडिओचा नव्हता. त्यांची मतं फळ्यावर होती, म्हणून होता.

तुमचे अनुभव लिहा. शिक्षक असा, छात्राध्यापक असा, पालक असा.

गोदाकाठचा

वा! मटकीचं वाचून अंगावर काटा आला. दादासाहेब फाळक्यांनी हेच केलं होतं की! सिनेमा काढायच्या आधी, १९१२च्या सुमारास, कुंडीतला वाटाणा उगवताना थोडा थोडा करत चित्रित केला आणि ते रोप भराभर वाढताना दाखवून भांडवल उभं केलं. माणूस आपल्या त्र्यंबकेश्वरचा, जन्म १८७०चा. मुलांना सांगाच. पांडवलेण्याखालच्या त्यांच्या स्मारकात सहल जाते तेव्हा मुलं कारंजी बघून परत येतात.

रानजाई

हे मला माहीत नव्हतं! पुढच्या तासाला नक्की सांगते. मनापासून आभार.

मिसळ_वन

त्या मटकीचं पुढे काय झालं? वर्गात उसळ वाटली की नाही?

पेठकरीण

मी पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पावसाळ्यात लाईट कधी जाईल नेम नाही, रेंज शाळेमागच्या टेकाडावर. त्यामुळे माझ्याकडे सगळं आधीच डाउनलोड केलेलं असतं, मोबाईल आणि छोटा स्पीकर पिशवीत.

पण मला सांगायचंय रेकॉर्डरबद्दल. पहिलीतली पोरं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. प्रमाण मराठीत विचारलं की खाली बघतात. एकदा एका मुलीच्या आजीची गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड करून आणली आणि वर्गात लावली. पोरं ताठ बसली! आजीचा आवाज, त्यांची भाषा, आणि तो "बाईंच्या मोबाईलमधून" येतोय. मग प्रत्येकाला स्वतःचा आवाज ऐकायचा होता. त्या आठवड्यात जेवढी बोलली तेवढी अख्ख्या सत्रात बोलली नव्हती. आता आमच्याकडे गोष्टींचा मोठा साठा झालाय, त्यातूनच मी वाचनपट्ट्या करते, एक ओळ त्यांची, खाली एक ओळ पुस्तकी मराठी.

नाव तंत्रज्ञान, पण लागलं काय, तर फोनमधलं आधीपासूनच असलेलं अ‍ॅप. बाकी नंतर लिहिते, पोषण आहाराची गाडी आली.

सह्यकडा

पेठकरीण ताई, हे फार मोठं काम आहे. वाचनपट्ट्यांचा फोटो टाका ना.

जुने_मास्तर

मी बी.एड. केलं तेव्हा पडद्यावर चित्रं दाखवायला एपिडायस्कोप आणि फिल्मस्ट्रिप होती, आणि ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टर) म्हणजे परमोच्च. पारदर्शिकेवर, म्हणजे आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या कागदावर, मार्करने लिहायचं. त्यातली एक खुबी आजही सांगावीशी वाटते. एका पारदर्शिकेवर महाराष्ट्राची नुसती सीमा. दुसरीवर सह्याद्री. तिसरीवर नद्या. चौथीवर पाऊस. एकावर एक ठेवत जायचं आणि प्रत्येक वेळी विचारायचं, "आता पुढची ठेवली की काय दिसेल?" सह्याद्री ठेवल्यावर मुलं नद्या बोटाने हवेत काढून दाखवायची. तुमच्या स्लाइडमध्येही तेच करता येतं, पण छात्राध्यापक पूर्ण नकाशा एकदम टाकतात आणि मग काठीने दाखवत बसतात. चार पाठ कमी घ्या, पण एक नकाशा असा थरांनी बांधा.

बालचित्रवाणीचं नाव वाचून बरं वाटलं. १९८४ला सुरू झालेली संस्था २०१७ला बंद झाली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. गावातल्या शाळेला दिसणारं मराठी शैक्षणिक चित्र म्हणजे तेवढंच होतं.

गोदाकाठचा

मास्तर, नमस्कार. हे नकाशाचं मी भूगोलात गुगल अर्थवर करतो. ब्रह्मगिरीवर नेऊन थांबतो आणि विचारतो, अरबी समुद्र इथून जेमतेम ८० किलोमीटर, मग गोदावरी तिकडे का गेली नाही? १,४६५ किलोमीटर वळसा कशाला? संगणकावर कर्सर फिरवला की खाली उंची दिसते. मुलं स्वतः येऊन कर्सर पश्चिमेला नेतात, कड्यावरून आकडा धाडकन खाली येतो, मग पूर्वेला नेतात, हळूहळू उतरतो. घाटमाथा हा शब्द मला सांगावा लागत नाही, ते विचारतात, "सर, ह्या धारेला काय म्हणतात?"

पुढे गंगापूर धरण, रामकुंड, मग नांदूरमध्यमेश्वर. तिथे कादवा मिळते ते वरून छान दिसतं. २०२०ला ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं हे सांगितलं की निफाडकडची पोरं कॉलर ताठ करतात.

त्रिकोण

गणितवाले आहेत का कोणी? मी पहिल्या वर्षाला. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर अंतर्लिखित कोनाचा पाठ केला. वर्तुळाच्या एकाच कंसावरचा बिंदू मुलांनी सरकवायचा, कोनाचं माप बदलत नाही. एक मुलगी तो बिंदू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत राहिली आणि म्हणाली, "सर, हा हटतच नाही!" नंतर सिद्धता लिहिताना तीच सगळ्यात पुढे होती, कारण आता तिला "का" हवं होतं.

पण निरीक्षणाला आलेल्यांनी शेरा दिला, "पीपीटी नाही." जिओजेब्रा चालू होतं, मुलं हाताने करत होती, तरी "पीपीटी नाही". मला त्याचं फार लागलं. निरीक्षण तक्त्यात "साधनांचा वापर" असा रकाना आहे, तिथे मुलं काय करत होती हे लिहायला जागा असायला हवी.

सह्यकडा

त्रिकोण, +१. हे सगळीकडे आहे. माझ्या मैत्रिणीला खडूने काढलेल्या सुंदर पेशीच्या आकृतीबद्दल "आधुनिक साधन वापरावे" असा शेरा मिळाला होता. मुलांनी तिच्याबरोबर टप्प्याटप्प्याने ती वहीत काढली होती.

जुने_मास्तर

त्रिकोण, टाचणातच लिहीत चला : विद्यार्थी कृती, आणि समोर ती कशाने करणार. निरीक्षकाला वाचावंच लागतं. वाईट वाटून घेऊ नका. ती मुलगी तुम्हाला विसरणार नाही.

ओझरची_आई

शिक्षिका नाही, पालक म्हणून लिहिते. २०२०ला घरात मोबाईल एक आणि मुलं दोन. मोठ्याचा तास चालू असला की धाकटी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' बघायची. त्यात घरातल्या वस्तू घेऊन करायच्या गोष्टी असत. तिने त्या काळात वाटी-चमचे मोजून गणित केलं ते अजून लक्षात आहे तिला. मोठ्याला मात्र त्या वर्षातलं काहीही सांगता येत नाही, नुसता बघत बसायचा बिचारा. तुमचं सगळ्यांचं वाचून आज कारण कळलं. असे शिक्षक आमच्या मुलांना मिळोत.

लिपीका

जरा वेगळा प्रश्न. कॉलेजच्या लॅबमध्ये मराठी टाइप कशात करता? घरून श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये प्रश्नपत्रिका करून नेली, तिकडे उघडली तर सगळी चिन्हं. दहावीची चाचणी तोंडी घ्यावी लागली.

त्रिकोण

युनिकोड वापरा, ते कुठल्याही संगणकावर वाचता येतं. लॅबच्या संगणकात तो फाँट नसेल तर श्रीलिपीची अक्षरं चिन्हांसारखी दिसतात. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीच असतो, इनस्क्रिप्ट. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, बोटं लवकर बसतात. आणि नेताना पीडीएफ करून न्या.

पेठकरीण

किंवा बोलून टाइप करा. मोबाईल मराठी छान ओळखतो. स्वल्पविराम तेवढे नंतर द्यावे लागतात.

(फोटो उद्या टाकते सह्यकडा, पट्ट्या शाळेत आहेत.)

लिपीका

दोघांचे आभार! अजून एक, शाळेच्या प्रोजेक्टरला जुनी निळी पिन आहे आणि माझ्या लॅपटॉपला एचडीएमआय.

मिसळ_वन

कन्व्हर्टर मिळतो. एम.जी. रोडला कॉम्प्युटरवाल्यांकडे विचारा. आवाजाची वायर वेगळी घ्या, निळ्या पिनेतून फक्त चित्र जातं.

तारे_मोजणारा

रानजाई, तुमच्या "थांबून विचारा"ला एक भर. नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात. मेमध्ये सुट्टी, जुलैमध्ये ढग. मी जूनमध्येच स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर नाशिक टाकून मुलांना विचारतो, "सावली नाहीशी कधी होईल?" बहुतेक सगळे म्हणतात रोज बारा वाजता. मग एकेक दिवस पुढे सरकवत बघायचं. तारीख त्यांनी शोधायची. जुलैत तेवढ्या दिवशी साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान ढग फाटलेच तर मैदानात काठी रोवलेली असते. गेल्या वर्षी थोडा वेळ ऊन पडलं. शिपाईकाकासुद्धा आले होते बघायला.

रानजाई

किती सुंदर! बारा वाजता नाही हेही त्यांना तिथेच सापडत असणार. सर, स्टेलेरियमला नेट लागतं का? आमच्या शाळेत फक्त ऑफिसमध्ये आहे.

तारे_मोजणारा

एकदा उतरवून घेतलं की लागत नाही. ठिकाण हाताने भरा. जुना लॅपटॉप असेल तर जुनी आवृत्ती घ्या, नवी जड जाते. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्सही (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) उतरवून ठेवा, बरीच मराठीतही आहेत. विद्युतमंडलाचं आधी बघा, त्यात तार तोडण्यापूर्वी विचारायला भरपूर जागा आहेत.

रानजाई

आजच करते. मंगळवारी आठवीवर विद्युतधाराच आहे.